गरम गाडीचं दुखणं

मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना एखादी जुनी, कार्ब्युरेटरची गाडी बंद पडली की पाच मिनिटांत तिच्याभोवती चार माणसं जमतात. ती मदतीलाच येतात, आणि आमच्या वऱ्हाडात ही मदत मनापासून मिळते. कुणी पाण्याची बाटली पुढे करतो, कुणी धक्का मारायला बाह्या सरसावतो. निदान मात्र सगळ्यांचं एकच असतं : ‘एअर लॉक झाला.’ मग एक म्हणतो, चोक ओढून सेल्फ मारा. दुसरा म्हणतो, ॲक्सिलरेटर चारपाच वेळा दाबा. तिसरा कार्ब्युरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतायला सांगतो. तिघांनीही एक गोष्ट धरून चाललेली असते, की गाडीला पेट्रोल मिळत नाही. कधी ते खरं असतं. कधी नेमकं उलट असतं : गाडी पेट्रोलमध्ये बुडालेली असते, आणि तिला आणखी पेट्रोल पाजायची तयारी चाललेली असते.

उन्हाळ्यातल्या या दुखण्याचा सगळा गुंता इथे आहे. तहानलेली गाडी आणि बुडालेली गाडी बाहेरून सारखीच दिसते. दोन्ही सेल्फ मारल्यावर फिरतात, पेट घेत नाहीत. उपचार मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. वर आणखी एक अडचण. हे दुखणं उष्णतेचं असल्यामुळे गाडी थंड झाली की आपोआप बरं होतं, आणि जाताना आपल्या सगळ्या खुणा घेऊन जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये नेलेली गाडी पहिल्या सेल्फला चालू होते. मिस्त्री कार्ब्युरेटर उघडतो, जेट फुंकतो, बिल देतो. पुढच्या रविवारी दुपारी गाडी पुन्हा त्याच वळणावर उभी.

माझी गाडी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. हिचं मूळ इटलीतल्या तुरिनचं. फियाटने आपली ११०० ही गाडी १९५३ साली नव्या घडणीत आणली. तिचं पुढचं रूप कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये १९६४ पासून बनू लागलं आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने रस्त्यावर आलं. कारखाना उभा करणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं कामही त्यांनी केलेलं. ज्या घाटात पुढे हजारो फियाट बॉनेट उघडून उभ्या राहिल्या, तो डोंगर या माणसाने आतून पाहिला होता, हे मला फार आवडतं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे ही गाडी साऱ्या देशाला ठाऊक झाली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली होती आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ती रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या माझ्यासारख्यांच्या घरच्या.

यंत्र साधं आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्यावर एक सोलेक्स कार्ब्युरेटर, टाकी मागच्या टोकाला, आणि पुढे इंजिनाला जोडलेला डायफ्रामचा पंप, ज्याला आपल्याकडचे जुने मिस्त्री ए.सी. पंप म्हणतात. कॅमशाफ्टचा दट्ट्या बसला की डायफ्राम खाली जातो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ते कार्ब्युरेटरच्या वाटीत जातं. वाटीत एक पोकळ फ्लोट तरंगतो. पातळी भरली की तो निडल दाबून वाट बंद करतो. वाटीशेजारी हवेचा अरुंद घसा. तिथून हवा वेगाने जाते, वेग वाढला की दाब उतरतो, आणि उतरलेल्या दाबाच्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येऊन हवेत मिसळतं. संगणक नाही, सेन्सर नाही. सगळं काम दाबातल्या थोड्याशा फरकावर चालतं. म्हणूनच उष्णतेने त्या दाबांचा तोल हलवला की इतकं साधं यंत्रही वेगवेगळी सोंगं आणतं.

गंमत अशी, की पेट्रोलचं बाष्प होताना आजूबाजूची उष्णता शोषली जाते, त्यामुळे चालत्या गाडीत कार्ब्युरेटरचा घसा मुळात थंड असतो. युरोपातल्या दमट हिवाळ्यात तो इतका थंड होतो की आत बर्फ धरतो आणि गाडी गुदमरते. तिथले इंजिनिअर त्यामुळे घशाजवळ थोडी ऊब पोचावी म्हणून धडपडत. त्याच मुशीतली यंत्रं आपण ४५ अंशांच्या अकोला-अमरावतीत चालवतो. इथे ऊब मागावी लागत नाही.

आता पेट्रोलकडे बघू, कारण दोष बहुतेक वेळा गाडीच्या माथी मारला जातो आणि पेट्रोलचा स्वभाव कुणी विचारातच घेत नाही. पाणी शंभर अंशांना उकळतं. पेट्रोलला असा एक आकडा नाही. ते शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उडू लागतात, जड घटक २०० अंशांपर्यंत तग धरतात. हलके घटक हवेतच, नाहीतर डिसेंबरच्या पहाटे गाडी चालूच होणार नाही. पण तेच घटक मे महिन्यात नळीत उकळतात. शुद्ध पेट्रोलच्या भारतीय मानकात ७० अंशांपर्यंत १० ते ४५ टक्के पेट्रोल उडालं तरी चालतं. त्याच मानकात ‘व्हेपर लॉक इंडेक्स’ नावाचा एक आकडा आहे : उन्हाळ्यात जास्तीत जास्त ७५०, इतर महिन्यांत ९५०. म्हणजे घाटात उभ्या राहणाऱ्या गाडीची दखल मानक लिहिणाऱ्यांनी घेतली होती. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला बरं वाटलं. आपलं दुखणं कुणीतरी कागदावर मोजून ठेवलं आहे.

उकळणं तापमानाइतकंच दाबावर अवलंबून असतं, आणि चिखलदऱ्याचा घाट या बाबतीत सगळी संकटं एकदम उभी करतो. धामणगाव गढी सोडली की चढ लागतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर पूर्ण भार, वेग मात्र इतका कमी की रेडिएटरवर वारा लागत नाही. नाक वर झाल्यामुळे टाकी पंपाच्या खाली जाते, म्हणून पंपाला पेट्रोल अधिक उंच ओढावं लागतं. जितकी ओढ जास्त, तितका पंपाआधीच्या नळीतला दाब कमी, आणि तितकं कमी तापमानाला पेट्रोल उकळतं. वर गाव १,१०० मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचाच दाब सखल भागापेक्षा दहाएक टक्क्यांनी उतरलेला. टाकी पाव भरलेली असेल तर त्या थोड्या पेट्रोलला तापायला वेळ लागत नाही. नळीत वाफेचा फुगा धरला की पंप तो फुगाच दाबत आणि सोडत बसतो. पाणी ढकलायला बनवलेल्या पिचकारीत हवा भरावी, तसं. डायफ्राम इमानाने हलत असतो आणि वाटीत थेंब पोचत नाही.

हा खरा एअर लॉक, म्हणजे मानकातला ‘व्हेपर लॉक’. याची खूण अशी, की तो चालत्या गाडीला धरतो. आधी इंजिन झटके देतं, पिकअप जातो, ॲक्सिलरेटर दाबला तर उलट मरगळतं, आणि मग बंद पडतं. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा वास येत नाही.

दुसऱ्या दुखण्याची सुरुवात थांबल्यावर होते. गाडी छान आलेली असते. परतवाड्याला चहासाठी उभी केली, दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, आणि नाही. चालू इंजिनात पाणी फिरत असतं, पंखा फिरत असतो, ताजं गार पेट्रोल सारखं येत असतं. किल्ली बंद केली की हे तिन्ही एका क्षणी थांबतं. लोखंडाच्या ब्लॉकमध्ये साठलेली उष्णता जाणार कुठे? ती वर चढते. म्हणून गाडी बंद केल्यावर बॉनेटखालचं तापमान आधी वाढतं, मग उतरतं. नेमक्या त्या पंधरावीस मिनिटांत कार्ब्युरेटर सर्वांत तापलेला असतो. वाटीतलं पेट्रोल खदखदतं, बुडबुड्यांबरोबर जेटमधून वर येतं आणि घशातून खाली मॅनिफोल्डमध्ये ठिबकत राहतं. इंजिन बंद, तरी पेट्रोल आत चाललेलं. आता मिश्रणात हवा इतकी थोडी उरते की ठिणगी पडूनही ते पेटत नाही. प्लग ओले होतात. मिस्त्री म्हणतात, गाडी ओव्हरफ्लो झाली.

हिच्यावर चोक ओढणं म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडात पाणी ओतणं. ॲक्सिलरेटर दाबदाबून सोडणंही तसंच, कारण प्रत्येक दाबासरशी कार्ब्युरेटरचा छोटा पंप आणखी एक धार आत सोडतो. इथे ॲक्सिलरेटर एकदाच, हळू, तळापर्यंत दाबायचा आणि तसाच धरून सेल्फ मारायचा. घसा पूर्ण उघडला की हवा भरभरून आत जाते, साठलेलं पेट्रोल ओढून नेते, इंजिन एकदोन सिलिंडरांवर खोकत सुरू होतं आणि मागून काळा धूर टाकतं. तो धूर पाहून घाबरू नये. जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतंय.

आणि हीच गाडी आणखी तासभर उन्हात उभी राहिली तर? वाटीतलं सगळं पेट्रोल उडून गेलेलं असतं. मॅनिफोल्डही सुकलेला. आता बुडालेली गाडी तहानलेली झाली. सेल्फ बराच वेळ मारला की पंप वाटी पुन्हा भरतो आणि मग ती चालू होते. म्हणजे एकाच थांब्यात, एकाच गाडीला, दोन्ही दुखणी एकामागून एक होतात. यामुळे बंद पडलेल्या गाडीबद्दल पहिला प्रश्न ‘काय झालं?’ हा नसावा. ‘थांबून किती वेळ झाला?’ हा असावा. चालता चालता बंद पडली, चहानंतर चालू झाली नाही, की चालू होऊन शंभर मीटरवर मेली? तिसऱ्या प्रकारात वाटीत उरलेलं तेवढं पेट्रोल संपलेलं असतं आणि पंपात वाफ असते. एवढं नीट सांगता आलं तर चांगला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधीच अर्ध्या वाटेवर पोचतो.

मला हे शिकवणारे मिस्त्री अमरावतीचे, वयाने वडिलांच्या बरोबरीचे. जुन्या मोटरस्टँडच्या बाजूला त्यांनी उभ्या आयुष्यात फियाट आणि अँबेसेडर यांशिवाय फारसं काही उघडलं नाही. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे : “पयले नाक लावा ताई, मंग हात.” एअर फिल्टरचं झाकण काढायचं आणि वास घ्यायचा. पेट्रोलचा भपकारा आला तर ती बुडालेली. काहीच नाही आलं तर आत डोकवायचं, हाताने थ्रॉटलचा दांडा एकदा ओढायचा, आणि छोट्या पंपाच्या नळीतून बारीक धार येते का ते पाहायचं. धार आली म्हणजे वाटीत पेट्रोल आहे. मग शंका वेगळीकडे घ्यायची. धार नाही म्हणजे वाटी कोरडी.

नाक आधी का, याचं त्यांच्याकडे दुसरं कारणही होतं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. पेट्रोलची शंका फिटली की ठिणगी बघायची असते. प्लगची वायर ब्लॉकजवळ धरून निळी ठिणगी उडते का ते पाहायचं. पेट्रोलचा वास येत असताना कुणी हा प्रयोग केला तर गाडीच नव्हे, माणूसही जळेल. म्हणून वास, मग धार, मग ठिणगी. हा क्रम त्यांनी कधी मोडू दिला नाही. बिडी ओढणाऱ्या बघ्याला ते आधी दहा पावलं लांब पाठवत.

आणि ठिणगी बघावीच लागते. गरम गाडीच्या दुखण्यांत कार्ब्युरेटरच्या नावावर जमा होणारे कितीतरी अपराध ठिणगी घडवणाऱ्या कॉइलचे आणि कंडेन्सरचे असतात. कॉइलच्या आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. ती म्हातारी झाली की आतलं इन्सुलेशन तापल्यावर दगा देतं आणि गार झाल्यावर पुन्हा शहाणं होतं. डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सरही तसाच. तापला की मेला, निवला की जिवंत. वेळापत्रक अगदी एअर लॉकचं : चढावर बंद, अर्ध्या तासाने चालू. ओलं फडकं पंपावर ठेवून अर्धा तास बसलेला माणूस शपथेवर सांगतो की फडक्याने गाडी बरी झाली. बरी केलेली असते अर्ध्या तासाने. पंप बदलून, कार्ब्युरेटर बदलून, टाकी धुऊन थकलेल्या कितीजणांना शेवटी एका कंडेन्सरने सोडवलं आहे.

टाकीचं झाकणही एकदा तपासावं. पेट्रोल जाईल तितकी हवा टाकीत यायला हवी, त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असतं. धुळीने ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाची ओढ तिच्याशी झुंजत राहते. गाडी मरगळली की झाकण उघडून ऐका. हवा आत शिरल्याचा सुस्कारा आला आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष उन्हाचा नव्हताच.

मिस्त्रींचं दुसरं वाक्य या साऱ्याच्या मुळाशी जातं. “गरम गाडीचं दुखणं गरमच पाह्यलं पाह्यजे. थंडी झाली का ते पयून जाते.” गाडी बंद पडल्यावरची पहिली चार-पाच मिनिटं सोन्याची असतात. तेवढ्या वेळात वास, धार, ठिणगी पाहून घ्यायची आणि मनात नोंदवायची. त्यानंतर हात आवरायचे. बॉनेट उघडं ठेवून, शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून, गाडीला निवू द्यायचं. माणसं याच्या नेमकं उलट करतात. आधी बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारतात, काहीच पाहत नाहीत. मग गाडी आपोआप चालू झाली की निघून जातात. नंतर गॅरेजमध्ये सांगायला त्यांच्याकडे एवढंच असतं, की घाटात बंद पडली होती.

ओल्या फडक्याचं मात्र मी मनापासून समर्थन करते. दुखणं खरोखर एअर लॉकचं असेल तर पंपावर आणि त्याच्या नळीवर ठेवलेलं ओलं फडकं हा शास्त्रशुद्ध उपाय आहे. पाणी उडताना उष्णता नेतं, पंप निवतो, आतल्या वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. आणि हा उपाय मुंबईपेक्षा विदर्भात फार चांगला चालतो, कारण आमच्या मेमधल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं. अमेरिकेत जुन्या काळी लोक पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत. त्यांनी उष्णता ओढून घेतली जाते अशी समजूत होती. लाकूड उष्णता फारशी वाहत नाही, तेव्हा त्या चिमट्यांवर माझा विश्वास नाही. फडकं धरताना एक काळजी हवी : ते कॉइलवर, डिस्ट्रिब्युटरवर टपकू द्यायचं नाही, आणि तापलेल्या ब्लॉकवर बादलीभर गार पाणी कधीच ओतायचं नाही. धातू तडकतो.

कायमचे उपाय कंटाळवाणे आहेत आणि तेच टिकतात. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बेकलाइटची जाड पॅकिंग असते, खालची उष्णता वर चढू नये म्हणून. अनेक गाड्यांत ती केव्हाच फुटून गेलेली असते आणि तिच्या जागी कागदी गॅस्केट बसवलेलं असतं. ती परत बसवा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब, सर्वांत लहान वाटेने न्या. ‘थोडी लांबच घेतली’ म्हणून वळसा घालून इंजिनाच्या डोक्याला टेकलेली रबरी नळी मी अनेक गाड्यांत पाहिली आहे. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये पत्र्याचा एक आडोसा पुरतो. निडल झिजलेली असेल तर ती बदला, कारण वाटीची पातळी चार मिलिमीटरने वर असली तर थोडं उकळलं तरी सांडतं. रेडिएटर आतून साफ, पंख्याचा पट्टा ताठ, ठिणगीचं टायमिंग नेमकं. मागे पडलेल्या टायमिंगने इंजिन विनाकारण तापतं, आणि हे कुणी पाहत नाही. उन्हाळ्यात लांब निघताना टाकी भरलेली ठेवा.

टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवणं हा खरा इलाज आहे. पुढून ओढण्याऐवजी मागून ढकललं की नळीत दाब वाढतो आणि वाफ धरत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पंप टाकीतच असतो आणि त्यांना हे दुखणं ठाऊक नाही, ते यामुळेच. पण कार्ब्युरेटरची निडल फार दाब सोसत नाही, त्यामुळे कमी दाबाचाच पंप हवा. अपघात झाला तर तो बंद करणारा स्विचही हवा. तो नसेल तर मी हा पंप बसवायला सांगणार नाही.

गेल्या काही वर्षांत या जुन्या दुखण्यात नवं पाणी शिरलं आहे. २०२२ च्या जूनपर्यंत देशातल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं, २०२५ मध्ये २० टक्के. यातलं बरंच इथेनॉल आपल्याच राज्यातल्या उसातून येतं. शेतकऱ्याच्या हातात त्यातून पैसा जातो आणि तेलाची आयात कमी होते, याचं मोल मी जाणते. पण १९८४ च्या गाडीच्या दृष्टीने ते पेट्रोल वेगळं आहे. एकटं इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि पेट्रोलपेक्षा कमी वाफ देतं. पेट्रोलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळल्यावर मात्र त्या मिश्रणाची वाफ शुद्ध पेट्रोलपेक्षाही वाढते, कारण पेट्रोलचे हलके घटक त्याच्या संगतीत अधिक सहज उडतात. दुसरी गोष्ट हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. नवी गाडी आपला हिशोब आपण बदलते. कार्ब्युरेटर जुन्याच मापाने पेट्रोल देतो आणि मिश्रण आठेक टक्क्यांनी विरळ होतं. सोलेक्सच्या जेटवर आकडा असतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे सव्वा मिलिमीटरचं छिद्र. त्या जागी १३० घातला की छिद्राचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं. गणित इतकं नेटकं जुळतं म्हणून सगळ्यांनी १३० घालावा असं मात्र नाही. प्लगचा रंग पाहूनच ठरवावं. टोक खाकी असेल तर काही करू नये, पांढरं पडलं असेल तर जेट वाढवावा.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. इथेनॉल जुन्या रबराला खातं. जुनी नळी फुगते, मऊ पडते, मग तिला बारीक चिरा जातात. पंपाचा डायफ्रामही त्याच जातीच्या रबराचा. उन्हाळ्यात बॉनेटखाली तापलेला एक्झॉस्ट असतो आणि चिरलेल्या नळीतून त्यावर टपकलेला पेट्रोलचा एक थेंब आगीला पुरतो. एअर लॉकने माणूस उशिरा पोचतो. टपकणाऱ्या नळीने गाडी जळते.

म्हणून ज्यांच्या दारात पद्मिनी, अँबेसेडर, जुनी मारुती किंवा कार्ब्युरेटरची कुठलीही गाडी उभी आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी उन्हाळा लागायच्या आत बदला, ती वरून चांगली दिसत असली तरी. इथेनॉल सोसणारी, एसएई जे-३० आर-९ असा छाप असलेली नळी मागून घ्या, बिनछापाची घेऊ नका. क्लॅम्पही नवे लावा. डायफ्राम बदलून किती वर्षं झाली ते मिस्त्रीला विचारा. कोरड्या पावडरीचं अग्निशामक पुढच्या सीटखाली, हाताला येईल असं ठेवा. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून सेल्फ मारायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडून नको म्हणा. आणि चालत्या गाडीत पेट्रोलचा वास आला तर घर दोनच किलोमीटर उरलेलं असलं तरी तिथेच थांबा, किल्ली बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि मगच बॉनेट उघडा.